छताला अ‍ॅक्सेस पॉइंट बसवायचा आहे? जागा ठरवण्यापासून शेवटच्या चाचणीपर्यंत

छताला बसवायचा अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणजे वाय-फाय देणारा, वीसेक सेंटिमीटर व्यासाचा, पांढरा, चपटा डबा. ब्रॅकेट लागलेलं असेल तर डबा त्यात अडकवायला मिनिटभर पुरतं. खरं काम त्याआधीचं आहे. जागा ठरवायची, केबल ओढायची, टोकं बांधायची आणि ती तपासायची. यातली एखादी चूक छताच्या वर गेली की ती निस्तरायला पुन्हा शिडी, धूळ आणि उघडलेलं फॉल्स सीलिंग आलंच. म्हणून माझा आग्रह एकच आहे. जे जे जमिनीवर उभं राहून ठरवता आणि तपासता येतं ते सगळं आधी उरका, डबा सगळ्यात शेवटी वर चढवा. पुढचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

राउटर आणि अ‍ॅक्सेस पॉइंट यांत नवख्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. राउटर इंटरनेटची लाइन घेतो, आतल्या प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता देतो आणि रहदारी आत-बाहेर करतो. अ‍ॅक्सेस पॉइंट यातलं काही करत नाही. वायरने आलेलं नेटवर्क तो हवेत सोडतो आणि हवेतलं वायरवर घेतो, बस्स. घरच्या राउटरमध्ये ही दोन्ही कामं एकाच डब्यात असतात, म्हणून फरक जाणवत नाही. अ‍ॅक्सेस पॉइंट लावल्यावरही मूळ राउटर लागतोच, आणि पत्ते वाटण्याचं काम संपूर्ण नेटवर्कमध्ये त्या एकाकडेच ठेवायचं.

जागा: इथे घाई नको

छतासाठी बनवलेल्या अ‍ॅक्सेस पॉइंटचे अँटेना आतच असतात आणि डबा छताला आडवा, तोंड जमिनीकडे करून बसेल हे धरूनच त्यांची रचना केलेली असते. उघडलेल्या छत्रीसारखा सिग्नल चहूबाजूंना आणि खाली पसरतो. डब्याच्या पाठीमागे, म्हणजे वरच्या मजल्याकडे, तो कमी जातो. हाच डबा भिंतीला उभा चिकटवला की ती छत्री आडवी होते. बरीचशी ताकद वरच्या आणि खालच्या मजल्यावर जाते आणि ज्या खोलीसाठी खटाटोप केला तिच्या कडा कोरड्या राहतात. भिंतीलाच लावायचा असेल तर भिंतीसाठी बनवलेलं मॉडेल घ्या.

उंची साधारण अडीच ते साडेतीन मीटर असली की उत्तम. गोदाम किंवा सभागृहासारखं छत सहा-आठ मीटरवर असेल तर डबा एखाद्या रॉडला किंवा खांबाच्या आधाराने खाली घ्यावा, नाहीतर ठरावीक दिशेला रोखलेल्या अँटेनाचं मॉडेल वापरावं.

डबा लोक जिथे बसतात तिथे हवा. पॅसेजमध्ये लावायचा मोह होतो, कारण तिथे केबल न्यायला सोपं पडतं आणि कुणाच्या डोक्यावर ड्रिल चालवावं लागत नाही. पण पॅसेजमधला सिग्नल प्रत्येक खोलीत भिंत ओलांडून शिरतो. शिवाय लांब मोकळ्या पॅसेजमध्ये दोन-तीन अ‍ॅक्सेस पॉइंट एकमेकांना स्वच्छ ऐकतात आणि एकमेकांच्या बोलण्यात अडथळा आणतात. खोल्यांना सेवा द्यायची असेल तर खोल्यांच्या आतच लावा.

आता अडथळे. जिप्समचं पार्टिशन किंवा लाकडी दार फारसं आड येत नाही. विटांची भिंत बऱ्यापैकी सिग्नल खाते. सळयांचं काँक्रीट, लिफ्टचा शाफ्ट, लोखंडी कपाटांची रांग, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी यांच्या पलीकडे काही पोहोचेल अशी आशाच ठेवू नका. डबा फॉल्स सीलिंगच्या वर लपवायची सूचना हटकून कुणीतरी करतं, दिसायला बरं म्हणून. ती मानू नका. वर एसीचे पत्र्याचे डक्ट, टाइल्सची लोखंडी जाळी, पाइप आणि कधी पाठीला चांदीचा कागद असलेलं इन्सुलेशन असतं. शिवाय तिथे उष्णता साठते. डबा खाली, खोलीच्या नजरेसमोरच हवा. पंख्याची पाती, ट्यूबलाइटची पट्टी आणि लोखंडी बीम यांच्यापासून निदान मीटरभर लांब ठेवता आला तर चांगलं.

जागा मनाशी ठरली की लगेच भोक पाडू नका. आधी तात्पुरती चाचणी घ्या. लांब पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेली तयार केबल) आणि पीओई इंजेक्टर (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारा छोटा डबा) लावून डबा चालू करा आणि उंच स्टँडला किंवा शिडीच्या वरच्या पायरीला, तोंड खाली करून बांधा. मग फोनवर सिग्नल मोजणारं अ‍ॅप उघडून सगळ्या खोल्यांतून फिरा. आकडा डीबीएम या सिग्नलच्या ताकदीच्या एककात आणि उणे दिसेल. उणे ५० म्हणजे जोरदार, उणे ८० म्हणजे जेमतेम. ३ डीबी घसरले की ताकद निम्मी होते, १० डीबी घसरले की एक दशांश. व्हिडिओ कॉल आणि फोनसाठी ५ गिगाहर्ट्झवर (वाय-फायचे नेहमीचे बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, दोन: २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) उणे ६५ ते उणे ६७ च्या खाली जाऊ नये असा सर्वसाधारण नियम आहे. मोजणी भारी लॅपटॉपवर करू नका. तिथे वापरात येणाऱ्या उपकरणांतलं सगळ्यात साधं घ्या, बहुधा तो जुना फोन असतो. दारं बंद करून पुन्हा एक फेरी मारा, कारण रोजचा वापर बंद दारांनीच होणार असतो.

किती डबे लागतील याचं उत्तरही या फेरीत मिळतं. खोक्यावर छापलेला चौरस फुटांचा आकडा मोकळ्या जागेचा असतो, भिंतींनी तुकडे केलेल्या जागेचा नाही. पण गरजेपेक्षा जास्त डबे लावणंही तितकंच वाईट. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न छेदणारे चॅनल, म्हणजे बँडचे उपपट्टे, तीनच धरले जातात, त्यामुळे जवळजवळ लावलेले डबे तिथे आपसातच भांडतात.

वीज केबलमधूनच जाते

छतावर प्लग पॉइंट काढायची गरज नाही. पॉवर ओव्हर इथरनेट, म्हणजे पीओई, या पद्धतीत नेटवर्कच्याच केबलमधून डेटा आणि वीज दोन्ही जातात. यातले तीन दर्जे लक्षात ठेवायचे. २००३चा ८०२.३एएफ वीज देणाऱ्या पोर्टवर १५.४ वॉट देतो. केबलमधली घट वजा जाता डब्याला १२.९५ वॉटची हमी मिळते. २००९चा ८०२.३एटी, ज्याला बोलताना पीओई प्लस म्हणतात, पोर्टवर ३० आणि डब्याशी २५.५ वॉट देतो. २०१८चा ८०२.३बीटी त्याच्याही पुढे जातो आणि केबलमधल्या तारांच्या चारही जोड्यांतून वीज नेतो. मोठे, तीन बँडचे काही अ‍ॅक्सेस पॉइंट याच्यावर चालतात.

डब्याच्या माहितीपत्रकात कुठला दर्जा लागतो ते स्पष्ट लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय स्विच (राउटरमागे अनेक केबली जोडायचा, पीओई देणारा डबा) घेऊ नका. कमी दर्जाचं पीओई दिलं तर डबा बंदच राहील असं नाही, आणि तिथेच फसगत होते. बरीच मॉडेल्स चालू होतात पण एखादा रेडिओ (एका बँडचं वाय-फाय) बंद ठेवतात किंवा ताकद कमी करतात. काही गर्दीच्या वेळी आपोआप रीस्टार्ट होत राहतात. मग माणूस महिनाभर सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसतो.

स्विचच्या एकूण बजेटकडेही बघा. आठ पोर्टांचा स्विच प्रत्येक पोर्टला ३० वॉट देऊ शकतो असं लिहिलेलं असलं, तरी सगळ्या पोर्टांना मिळून त्याचं बजेट ६० वॉट असू शकतं. म्हणजे २५ वॉट खाणारे दोन डबे झाले की तिसऱ्याला वीज उरत नाही.

प्रमाणित पीओई पोर्ट आधी केबलवर अगदी लहान व्होल्टेज टाकून पलीकडे सुमारे २५ किलोओहमची ठरावीक खूण सापडते का ते बघतो. सापडली तरच पूर्ण व्होल्टेज सोडतो, साधारण ४४ ते ५७ व्होल्ट. म्हणून चुकून लॅपटॉप जोडला तरी तो जळत नाही. पॅसिव्ह पीओई नावाचा स्वस्त प्रकार मात्र काही न विचारता वीज सोडतो, बहुधा २४ व्होल्ट. त्याचा इंजेक्टर फक्त ज्या डब्यासोबत आला त्यालाच लावा. इंजेक्टर कुठलाही असो, त्याला दोन पोर्ट असतात. डेटा किंवा लॅन लिहिलेला स्विचकडे आणि पीओई लिहिलेला डब्याकडे जातो.

केबल: पैसे इथे घाला

डबा चार-सहा वर्षांनी बदलला जाईल, पण भिंतीतली केबल पंधरा-वीस वर्षं तिथेच राहील. कॅट म्हणजे नेटवर्क केबलचा दर्जा. कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट सहज नेते, आणि २०१६ साली आलेल्या ८०२.३बीझेड प्रमाणानुसार २.५ गिगाबिटही. कॅट ६ वर १० गिगाबिट सुमारे ५५ मीटरपर्यंत जातं, कॅट ६ए वर पूर्ण १०० मीटर. घर किंवा छोट्या ऑफिसला कॅट ६ पुरते. नवी मोठी इमारत बांधून होत असेल आणि भिंती अजून उघड्या असतील तर कॅट ६ए ओढा. ही १०० मीटरची मर्यादा पूर्ण मार्गाची आहे: ९० मीटर पक्की केबल आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड मिळून १० मीटर. मोजताना नुसतं आडवं अंतर धरू नका. वर चढणं, खाली उतरणं आणि वळसे सगळं त्यात येतं.

केबल शुद्ध तांब्याची हवी. बाजारात अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली केबलही कॅट ६ म्हणून विकली जाते. तिचा विद्युत रोध तांब्याहून बराच जास्त असतो, म्हणून लांब अंतरावर पीओईची वीज वाटेतच उष्णता होऊन वाया जाते. तार ठिसूळ असल्याने टोकं बांधताना तुटतेही. ओळखायला सोपं आहे. एका तारेचं प्लास्टिक सोलून ब्लेडच्या धारेने तांबं हलकेच खरवडा. आत लालसरच राहिलं तर तांबं, पांढरट चंदेरी चमक दिसली तर अ‍ॅल्युमिनियम. ही पेटी परत करा, भाव कितीही चांगला मिळालेला असो.

भिंतीतून आणि छतातून जाणारी केबल एकसंध तारेची म्हणजे सॉलिड असावी. बारीक तारांच्या जुडीची, लवचीक केबल फक्त पॅच कॉर्डसाठी. एसीची परतीची हवा फॉल्स सीलिंगच्या वरच्या पोकळीतून खेळत असेल तर तिथे आगीच्या दृष्टीने खास दर्जाची केबल लागते. इमारतीचे नियम आधी विचारून घ्या, कारण साध्या केबलचं आवरण जळताना निघणारा विषारी धूर त्या हवेबरोबर सगळीकडे पसरतो.

आणखी एक सल्ला: प्रत्येक जागी एकाऐवजी दोन केबल ओढा. सगळी मेहनत वाट काढण्याची असते. दुसरी केबल त्याच ओढीत येते, आणि पहिली कधी उंदराने कुरतडली तर छत न उघडता काम भागतं.

केबल ओढताना

केबल स्विचपासून डब्यापर्यंत एकसलग जायला हवी. मध्ये पिळून टेप गुंडाळलेला जोड चालत नाही. विजेच्या वायरीसोबत ती एकाच पाइपातून नेऊ नका. असं करणं धोकादायक आहे आणि डेटालाही त्रासदायक. दोन्ही समांतर जात असतील तर वीस-तीस सेंटिमीटर अंतर राखा, आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

पाइपातून नेताना वायर ओढायची स्प्रिंग आधी पलीकडून घाला. तिच्या टोकाला केबल बांधून टेप घट्ट, निमुळता गुंडाळा, म्हणजे कोपऱ्यात अडकणार नाही. एकाने खेचायचं, दुसऱ्याने पलीकडून सरकवत द्यायचं. अडली तर झटका देऊ नका. ओढण्याचा जोर ११ किलो वजनाइतका, म्हणजे सुमारे ११० न्यूटन, यापेक्षा जास्त होता कामा नये. जास्त ताणली की आतल्या जोड्यांचे पीळ सैल होतात. बाहेरून काहीच दिसत नाही, पण वेग मात्र जातो. वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या चौपटीहून कमी नको. कॅट ६ ची जाडी सहा मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे अडीच सेंटिमीटर. पाइप गच्च भरू नका, चाळीस टक्के भरला की पुरे. केबलसोबत एक मजबूत दोरीही ओढून ठेवा, पुढच्या वेळी स्प्रिंग लागणार नाही.

फॉल्स सीलिंगच्या वरून नेताना केबल टाइल्सवर पसरून टाकू नका. स्लॅबला हुक किंवा क्लिप मारून दर सव्वा-दीड मीटरला आधार द्या. प्लास्टिकचे टाय करकचून आवळू नका, आवरण दबलं की आतल्या जोड्याही दबतात. वेल्क्रोची पट्टी सैलसर बांधा. पाइप नसेल आणि भिंत फोडायची नसेल तर केसिंग पट्टी लावा, छताच्या कडेने नेली तर फारशी डोळ्यात येत नाही.

डब्याच्या जागी एक-दोन मीटर केबल जादा ठेवून मोठ्या सैल वेटोळ्यात बांधा. पुढे डबा थोडा सरकवायचा झाला किंवा टोक पुन्हा बांधावं लागलं तर हीच केबल कामाला येते. ओढून झाली की त्याच क्षणी दोन्ही टोकांना क्रमांकाची पट्टी लावा. नंतर लावू म्हटलं की दहा सारख्याच निळ्या केबलींतून आपली शोधत बसावं लागतं.

टोकं बांधणं

व्यवस्थित पद्धत अशी: स्विचच्या बाजूला केबल पॅच पॅनलवर (केबली बसवायची पोर्टांची पट्टी) पंच करायची, म्हणजे तारा टूलने दाबून बसवायच्या, छताच्या बाजूला कीस्टोन जॅकमध्ये (प्लग घालायचं छोटं सॉकेट), आणि तिथून डब्यापर्यंत छोटी तयार पॅच कॉर्ड. छताशी जॅकला जागा नसेल तर केबलला थेट आरजे४५ प्लग (नेटवर्क केबलचा नेहमीचा प्लग) क्रिंप केला, म्हणजे टूलने दाबून पक्का केला, तरी चालतो, मात्र प्लग सॉलिड तारेसाठीचा घ्या. जुडीच्या तारेच्या प्लगचे दात सॉलिड तारेवर नीट बसत नाहीत.

प्लग बांधायची कृती सावकाश सांगतो, कारण दोष सगळ्यात जास्त इथेच राहतात. बूट (प्लगमागचं रबरी टोपण) लावायचं असेल तर ते केबलवर आधी सरकवा. बाहेरचं आवरण तीनेक सेंटिमीटर सोला, आतल्या तारांना ब्लेड लागलं नाही ना ते बघा. आतला धागा आणि कॅट ६ मध्ये असलेला प्लास्टिकचा अधिक चिन्हासारखा दांडा मुळाशी कापा. चारही जोड्या सुट्या करून तारा अंगठ्याने दाबत सरळ करा आणि या क्रमाने शेजारी शेजारी लावा:

पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

हा टी५६८बी क्रम. टी५६८ए मध्ये नारिंगी आणि हिरव्या जोड्यांची अदलाबदल असते. कुठलाही वापरा, दोन्ही टोकांना तोच हवा. तारा चिमटीत घट्ट धरून सगळ्या एका रेषेत कापा, आवरणाबाहेर साधारण बारा-तेरा मिलिमीटरच उरायला हव्यात. पीळ याहून जास्त लांबीवर उघडा राहिला की जोड्यांमध्ये आपसात गळती सुरू होते. प्लगची क्लिप खाली, पितळी पट्ट्या वर आणि स्विचमध्ये शिरणारं टोक आपल्यापासून दूर असं धरलं की पहिली तार डावीकडे येते. तारा आत सारा. आठही तांब्याची टोकं प्लगच्या पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत, आणि बाहेरचं आवरण प्लगच्या मागच्या खाचेखाली आत गेलेलं हवं. रंग पुन्हा एकदा वाचा, मगच क्रिंपिंग टूल पूर्ण दाबा. आवरण बाहेर राहून नुसत्या बारीक तारा प्लगला लोंबकळत असतील तर तो प्लग कापून टाका.

क्रमात हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी का बसवली आहे, हा प्रश्न पडायला हवा. पिन ३ आणि ६ मिळून एक विद्युत जोडी होते, म्हणून एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारा त्या दोन पिनांवर जाव्या लागतात. कुणी रंगांच्या जोड्या सरळ ओळीने, १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा लावल्या आणि दोन्ही टोकांना तसंच केलं, तर केबल तपासायच्या साध्या टेस्टरचे आठही दिवे अचूक क्रमाने लागतात. केबल मात्र बिघडलेली असते. ३ आणि ६ वरचा सिग्नल दोन वेगवेगळ्या जोड्यांच्या तारांवरून जातो, पिळाचा फायदा संपतो आणि वेग कोसळतो. दिव्यांचा टेस्टर हा दोष दाखवू शकत नाही, डोळ्यांनी रंग वाचणं हाच उपाय.

वर चढवण्याआधीची चाचणी

टेस्टरने आठही तारा तपासा. मग शिडीच्या पायथ्याशीच, याच पक्क्या केबलवर अ‍ॅक्सेस पॉइंट जोडून चालू करा. स्विचवर किंवा डब्याच्या सेटिंगमध्ये लिंकचा वेग बघा. १००० (मेगाबिट, म्हणजे १ गिगाबिट) किंवा त्याहून जास्त दिसायला हवा. १०० दिसत असेल तर डबा वर चढवू नका. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिट फक्त १, २, ३, ६ या पिनांवर भागवतं. म्हणजे निळी किंवा तपकिरी तार कुठेतरी बसलेली नाही. वीज दोन जोड्यांवरही येऊ शकते, त्यामुळे दिवा लागला म्हणून केबल चांगली असं समजू नका.

डबा हातात आहे तोवर पाठीमागच्या स्टिकरचा फोटो काढा. मॅक अ‍ॅड्रेस आणि सीरियल नंबर पुढे हमखास लागतात आणि ते छताकडच्या बाजूलाच छापलेले असतात. सॉफ्टवेअरचं अपडेटही खालीच उरकून घ्या.

ब्रॅकेट आणि भोकं

आधी सुरक्षा. ड्रिल करायच्या जागेजवळून विजेची वायर किंवा पाण्याचा पाइप जातो का ते डिटेक्टरने बघा आणि तिथल्या सर्किटचा एमसीबी पाडा. वर बघून ड्रिल करताना चष्मा हवाच, सिमेंटची भुकटी थेट डोळ्यांत येते. शिडी धरायला खाली माणूस असू द्या. काही इमारतींचे स्लॅब पोस्ट-टेन्शन पद्धतीचे असतात, आत ताणलेल्या पोलादी केबल्स असतात. तिथे इमारतीच्या अभियंत्याला विचारल्याशिवाय भोक पाडायचं नाही. आणि छतातल्या विजेच्या वायरिंगला हात लावायची वेळ आली तर परवानाधारक वायरमनला बोलवा.

काँक्रीटचं छत असेल तर ब्रॅकेट किंवा खोक्यातला कागदी साचा छताला धरून खुणा करा. गिट्टीच्या मापाचं बिट, बहुधा सहा मिलिमीटरचं, लावून गिट्टीच्या लांबीपेक्षा किंचित खोल भोक पाडा. बिटवर टेपची खूण केली की खोली बरोबर येते. भोकातली भुकटी फुंकून काढा, नाहीतर गिट्टी अर्धवट बसते आणि काही दिवसांनी स्क्रू निसटतो.

जिप्सम बोर्डात साधी गिट्टी धरत नाही. आत जाऊन पंख उघडणारे अँकर वापरा, किंवा शक्य असेल तर बोर्डाच्या मागच्या धातूच्या पट्टीतच स्क्रू मारा.

टाइल्सच्या फॉल्स सीलिंगसाठी खोक्यात लोखंडी जाळीच्या पट्टीला पकडणारी क्लिप येते. पट्टीची रुंदी बघून क्लिप निवडा, १५ आणि २४ मिलिमीटर ही नेहमीची मापं. वजन पट्टीवर जायला हवं, टाइलवर नाही. डबा टाइलच्या मधोमधच हवा असेल तर टाइलच्या वरून पत्र्याची किंवा प्लायवूडची आधारपट्टी टाका, नाहीतर पावसाळी दमट हवेत टाइल मऊ होऊन पोट सुटल्यासारखी खाली येते. डबा ज्याच्या खाली माणसं बसतात अशा फॉल्स सीलिंगला असेल, तर त्याला एक बारीक पोलादी वायर बांधून ती स्लॅबच्या हुकाला अडकवा. सीलिंगचा तुकडा निखळला तरी डबा कुणाच्या डोक्यात पडणार नाही.

केबल ब्रॅकेटच्या मधल्या भोकातून घ्या, प्लग क्लिक होईपर्यंत दाबा, एकदा हलकेच ओढून खात्री करा. मग डब्याची खूण ब्रॅकेटच्या खुणेशी जुळवून फिरवा, टक असा आवाज येतो. केबल मागे चिमटली तर डबा सपाट बसत नाही. जोर लावू नका, काढून केबल खाचेत नीट बसवा. चोरीपासूनचा छोटा स्क्रू दिला असेल तर तोही लावा.

सेटिंग

इथे थोडक्यात आटपतो, कारण प्रत्येक कंपनीचे पडदे वेगळे असतात, तत्त्वं तीच. अ‍ॅडमिनचा मूळ पासवर्ड पहिल्यांदा बदला. देश बरोबर निवडा, चॅनल आणि ताकदीच्या कायदेशीर मर्यादा त्यावर ठरतात. सुरक्षा डब्ल्यूपीए३, जुनी उपकरणं असतील तर डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र. डब्यात राउटर मोड असेल तर तो बंद करून अ‍ॅक्सेस पॉइंट मोड ठेवा.

२.४ गिगाहर्ट्झवर चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा आणि १, ६, ११ यांपैकीच चॅनल वापरा, शेजारच्या डब्याला दुसरा. ५ गिगाहर्ट्झवर ४० किंवा ८० मेगाहर्ट्झ. यातले काही चॅनल रडारसोबत वाटून घ्यायचे असतात, तिथे डबा सुरू झाल्यावर निदान मिनिटभर नुसता ऐकतो आणि मगच बोलतो. रीस्टार्टनंतर ५ गिगाहर्ट्झचं नाव उशिरा दिसलं तर घाबरू नका.

ताकद कमाल ठेवायची हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. डबा मोठ्याने ओरडला तरी फोनचा आवाज लहानच राहतो. फोनवर सिग्नलच्या काड्या पूर्ण दिसतात आणि तरी कॉल तुटतो, कारण डब्याला फोन ऐकूच येत नाही. मध्यम ताकद ठेवा आणि २.४ ची ५ पेक्षा सहाएक डीबी कमी. मग फोन आपोआप वेगवान बँड पसंत करतात आणि एका डब्याकडून दुसऱ्याकडे वेळेत सरकतात. सगळ्या डब्यांवर नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा. नावं मात्र तीन-चारच्या पुढे नेऊ नका, प्रत्येक नावाची घोषणा डबा सेकंदाला सुमारे दहा वेळा करतो आणि हवा त्यातच अडते. जुन्या राउटरचं स्वतःचं वाय-फाय बंद करा.

काही अडलं तर

डब्याचा दिवाच लागत नाही: आधी छोट्या पॅच कॉर्डने डबा थेट स्विचला जोडून बघा. लागला तर दोष केबलमध्ये, नाही तर पोर्टचं पीओई बंद आहे, बजेट संपलं आहे किंवा इंजेक्टरचे दोन पोर्ट उलटे जोडले आहेत.

दिवा लागतो, फोन जोडलाही जातो, पण इंटरनेट नाही: फोनला मिळालेला आयपी पत्ता बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल किंवा मिळालाच नसेल तर राउटरपर्यंत रस्ता नाही. व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे केलेले वेगळे कप्पे) वापरत असाल तर स्विचच्या त्या पोर्टवर तो व्हीलॅन दिला आहे का ते आधी तपासा. भलत्याच मालिकेतला पत्ता मिळत असेल तर नेटवर्कमध्ये पत्ते वाटणारा दुसरा कुणीतरी आहे, बहुधा राउटर मोडमध्ये राहिलेला एखादा डबा.

दिवसा चांगलं चालतं आणि माणसं वाढली की डबा रीस्टार्ट होतो: वीज कमी पडते आहे. स्विचवर त्या पोर्टचे वॉट बघा आणि माहितीपत्रकाशी ताडून पाहा. दर्जा बरोबर असूनही असं होत असेल तर केबलची लांबी आणि तांबं तपासा. ओढताना ठेवलेली दुसरी केबल आता जोडून बघा. त्यावर डबा स्थिर राहिला, तर पहिल्या केबलची दोन्ही टोकं कापून नव्याने बांधा.